निर्धाराला औषधाची जोड

तंबाखू सोडण्याची आपल्याकडची रूढ रीत शपथेची आहे. कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो, कुणी ग्रामदैवतापुढे नारळ फोडतो, कुणी पाडव्याच्या सकाळी खिशातली पुडी आणि चुन्याची डबी उकिरड्यावर भिरकावतो. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं. तिसऱ्या दिवशी क्षुल्लक कारणावरून घरात आवाज चढतो, कामात मन लागत नाही, पोट साफ होत नाही, रात्री झोप मोडते. आठवडा सरायच्या आत बहुतेकांचे पाय पुन्हा टपरीकडे वळतात. घरचे म्हणतात, ‘याच्या मनातच नव्हतं.’ वाईट असं, की त्या माणसालाही हे पटतं. आपण कच्च्या मनाचे आहोत हा समज त्याच्यात घट्ट होतो आणि पुढची शपथ घ्यायला तो धजावत नाही. या पुस्तकाचा सगळा खटाटोप हा समज खोडून काढण्यासाठी आहे. निकोटीनचं अवलंबित्व हा मेंदूत घडून आलेला बदल आहे, त्यावर तपासून पाहिलेली औषधं आहेत, आणि ती नीट घेणाऱ्याला यश येण्याची शक्यता औषधाविना झगडणाऱ्यापेक्षा जास्त असते. या विधानाचे पुरावे, त्याच्या मर्यादा आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप यांची मांडणी या प्रस्तावनेत करायची आहे.

सुरुवात ‘मनातच नव्हतं’ या आरोपापासून करू. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीनुसार देशातले २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास २६ कोटी ७० लाख माणसं, कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. त्यांतल्या ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक ती सोडण्याच्या विचारात होते. मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष प्रयत्न करून पाहिलेल्यांचं प्रमाण ओढणाऱ्यांत ३८.५ टक्के आणि खाणाऱ्यांत ३३.२ टक्के होतं. म्हणजे सोडावीशी वाटणं ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. वर्षाकाठी कोट्यवधी माणसं या देशात तंबाखू सोडून पाहतात. दुर्मीळ आहे ते टिकणं. कुठल्याही मदतीविना सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांतले सहा महिने ते वर्षभर टिकणारे जेमतेम तीन ते पाच असतात, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. एखाद्या परीक्षेत शंभरातली पंचाण्णव मुलं नापास होत असतील, तर सगळीच मुलं आळशी आहेत असं शहाणा शिक्षक म्हणणार नाही. परीक्षा कशाची आहे आणि मुलांना तयारीसाठी काय दिलं, हे तो आधी पाहील.

ही परीक्षा कशाची आहे हे विज्ञानालाही उशिरा कळलं. तंबाखूतून निकोटीन वेगळं काढलं गेलं १८२८ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे. पण धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं ठामपणे सांगणाऱ्या अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ सालच्या गाजलेल्या अहवालातही तंबाखूला ‘सवय’ याच सदरात टाकलं होतं. ते ‘व्यसन’ आहे, हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनामागे जी प्रक्रिया असते तशीच इथेही असते, हे त्याच कार्यालयाने म्हटलं १९८८ साली. मधल्या चोवीस वर्षांत निकोटीन मेंदूत नेमकं काय करतं ते उलगडत गेलं होतं. सिगारेटचा झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं, तिथल्या विशिष्ट ग्राहींना चिकटतं आणि डोपामाइन हे रसायन स्रवायला लावतं. मनाला बरं वाटतं, लक्ष एकवटतं. हे वर्षानुवर्षं दिवसातून पन्नास-शंभर वेळा घडत राहिलं, की मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवून घेतो. आता ते रिकामे राहिले की माणूस अस्वस्थ होतो. यालाच आपण तलफ म्हणतो. रात्रभराच्या झोपेत ते रिकामे होतात, म्हणून दिवसाची पहिली तलफ सगळ्यांत कडक असते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते का, हा एक प्रश्न अवलंबित्व किती खोल आहे ते सांगून जातो, आणि औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर तोच आधी विचारतात.

उपचारांचा सगळा पाया एका साध्या विभागणीवर उभा आहे. माणूस तंबाखूकडे ओढला जातो तो निकोटीनमुळे. त्याचा जीव जातो तो मुख्यतः तंबाखूतल्या इतर गोष्टींमुळे. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये हा मुद्दा इतक्या स्वच्छपणे मांडला, की पुढच्या पिढीच्या संशोधनाची दिशा त्याने ठरवली. जळत्या सिगारेटच्या किंवा विडीच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. शिवाय कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. खाण्याच्या तंबाखूत धूर नसतो, पण नायट्रोसामाइन गटातली कर्करोगकारक रसायनं असतात आणि ती तासन्‌तास गालाच्या आतल्या त्वचेला भिडून राहतात. निकोटीन निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. ते नाडी आणि रक्तदाब वाढवतं, लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषारी ठरतं, आणि व्यसन लावणारं तेच आहे. परंतु तोंडाच्या, घशाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगाचा मुख्य गुन्हेगार ते नाही. म्हणूनच धूर आणि तंबाखूचं पान बाजूला काढून निव्वळ निकोटीन, मोजून आणि काही काळापुरतं, देता येईल का, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरला.

तो प्रश्न प्रत्यक्षात आधीच विचारला गेला होता, आणि त्याचा उगम स्वीडनमधल्या पाणबुड्यांत आहे. पाणबुडीत विडी-सिगारेट पेटवता येत नाही. तेव्हा ओढणारे खलाशी तेवढ्या काळापुरते तोंडात धरायच्या तंबाखूवर वेळ मारून नेतात, हे लुंड इथल्या क्लेस लुंडग्रेन या शरीरक्रियातज्ज्ञांच्या ध्यानात आलं. त्यांनी १९६७ मध्ये औषधकंपनीत काम करणाऱ्या ओव्हे फर्नो या रसायनतज्ज्ञांना ते कळवलं. तोंडातून निकोटीन मिळालं तर धुराची गरज भागते, हे त्या निरीक्षणाचं सार होतं. फर्नो यांनी निकोटीन एका राळेत बांधलं, ती राळ च्युइंगगममध्ये घातली, आणि मग एक अडचण समोर आली. तोंडातली लाळ किंचित आम्लधर्मी असली की निकोटीन गालातून रक्तात नीट शिरत नाही. म्हणून गममध्ये अल्कधर्मी क्षार घालावा लागला. हा गम १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला.

मराठी वाचकाला यातली गोम समजायला प्रयोगशाळेची गरज नाही. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाच्या टोकाने लावलेला चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, दोन थापट्या देऊन भुकटी उडवणं, आणि मग ती गोळी खालच्या ओठामागे किंवा गालात दाबणं. या रोजच्या कृतीत चुना हाच अल्कधर्मी घटक आहे. लाळेचा सामू आठच्या आसपास गेला, की निम्मं निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि गालाच्या पातळ आवरणातून झरझर आत जातं. चुन्याशिवायची तंबाखू ‘लागत’ नाही असं खाणारे म्हणतात, त्याचं कारण हे आहे. निकोटीनचा गम वापरण्याची योग्य पद्धतही याच्याशी जुळणारी आहे: तोंडात झिणझिण येईपर्यंत हळूहळू चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण ओसरली की पुन्हा थोडा चावायचा, असं अर्धा तास. ज्याने आयुष्यभर बार भरला आहे त्याला हे शिकवायला दोन मिनिटं पुरतात. पेपरमिंटच्या गमसारखा तो भराभर चावला, की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, तलफ मात्र तशीच राहते. चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा थंड पेय आधीच्या पंधरा मिनिटांत घेतलं असेल तर तोंडातलं आम्ल निकोटीनला अडवतं. ‘गम घेऊन पाहिला, काही उपयोग नाही’ असं सांगणाऱ्यांतल्या अनेकांची हकिकत या दोन चुकांशी येऊन थांबते.

निकोटीनची ही पर्यायी रूपं तलफ पूर्ण विझवत नाहीत. तिची धार बोथट करतात. चिकटवायची पट्टी चोवीस तास संथपणे निकोटीन सोडत राहते. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात करतात आणि पुढे १४, मग ७ असं उतरत जातात. गम आणि चघळायच्या गोळ्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या येतात. उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्याला ४ ची मात्रा लागते. पट्टीचा आधार दिवसभर असतो, तर जेवणानंतर, बसची वाट पाहताना, कामाच्या सुट्टीत मित्राने पुडी पुढे केल्यावर येणाऱ्या अचानक तलफेसाठी गम हाताशी लागतो. दोन्ही एकत्र वापरणं एकच वापरण्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी सरस ठरतं, हे चाचण्यांतून दिसलं आहे. या उपचारांचा एकूण हिशोब कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये मांडला. १३३ चाचण्या आणि ६४ हजारांहून जास्त माणसं एकत्र पाहता, निकोटीनचा पर्याय घेणाऱ्यांत यशाचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा ५० ते ६० टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा नीट वाचायला हवा. शंभरातले दहा टिकत असतील तिथे पंधरा-सोळा टिकतात, असा त्याचा अर्थ. एकट्या माणसाला ही वाढ थोडी वाटेल. पण तंबाखू सोडू पाहणाऱ्या एका कोटीत हेच गणित मांडलं, तर पाच-सहा लाख संसारांचा प्रश्न असतो.

दुसऱ्या गटात निकोटीन नसलेली औषधं येतात. बुप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचं औषध. ते घेणाऱ्यांची सिगारेटची ओढ कमी होते असं आढळल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत ते या कामासाठी मान्य झालं. फेफरं येणाऱ्यांना ते देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना पूर्वेतिहास सांगणं आवश्यक असतं. सायटिसिन हे त्याहून जुनं. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडातलं हे द्रव्य बल्गेरियात १९६४ पासून गोळीच्या रूपात विकलं जात होतं. पूर्व युरोपाबाहेरच्या वैद्यकाने त्याची दखल घ्यायला अनेक दशकं लागली. पोलंडमधल्या ७४० जणांच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला तेव्हा वर्षभर टिकलेले सायटिसिन गटात ८.४ टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात २.४ टक्के होते. याच रेणूच्या धर्तीवर घडवलेलं व्हॅरेनिक्लिन २००६ मध्ये आलं. त्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. निकोटीन ज्या ग्राहींना चिकटतं तिथेच ते जाऊन बसतं आणि त्यांना अर्धवट जागं ठेवतं. त्यामुळे तलफ फार चढत नाही. आणि माणसाने मोहाला बळी पडून एखादी सिगारेट ओढलीच, तर जागा आधीच अडलेली असल्यामुळे तिच्यातून पूर्वीचं सुख मिळत नाही. बऱ्याच जणांना मळमळ होते, काहींना ठळक स्वप्नं पडतात. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतली की मळमळ बरीच कमी होते.

यावरचा पहिला आक्षेप घराघरांत ऐकू येतो: एक व्यसन सोडून दुसरं लावून घ्यायचं, यात काय साधलं? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर वेगात दडलं आहे. एखादी गोष्ट व्यसन लावते ती मेंदूत किती झपाट्याने पोचते यावर. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत एकदम उसळी मारतं. गमचं अर्ध्या तासात हळूहळू चढतं. पट्टीचं काही तासांत. उसळी नसेल तर मेंदूला बक्षीस मिळत नाही आणि बक्षिसाची नवी सवय जडत नाही. तलफेला लागेल तेवढंच मिळतं आणि तेही आठवड्यागणिक कमी केलं जातं. हात मोडलेला माणूस प्लॅस्टर बांधतो तेव्हा तो प्लॅस्टरच्या आधीन झाला असं कुणी म्हणत नाही. काही जण गमवर ठरल्यापेक्षा जास्त महिने रेंगाळतात हे खरं आहे. त्यांनी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावी. परंतु गम चघळत राहिलेल्या माणसाच्या तोंडात तंबाखूचं पान नाही आणि छातीत धूर नाही, हा फरक जीव आणि मृत्यू यांच्यातला आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. हृदयविकार असलेल्या माणसाला निकोटीन देणं म्हणजे आगीत तेल नाही का? याची थेट तपासणी झाली आहे. हृदयविकाराच्या ५८४ रुग्णांना पट्टी देऊन केलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत हृदयाशी संबंधित गंभीर घटना पट्टीमुळे वाढल्या नाहीत, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. मुळात असा रुग्ण तंबाखूतून निकोटीन घेतच असतो, आणि सिगारेटमध्ये त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडही असतो. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन यांच्याबद्दलची शंका अधिक गंभीर होती. ती घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार आढळल्याच्या तक्रारी आल्या, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पाकिटावर चौकटीत ठळक इशारा छापायला लावला. मग १६ देशांतल्या ८,१४४ जणांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. २०१६ मध्ये आलेल्या निकालात या औषधांनी असे त्रास लक्षणीयरीत्या वाढवलेले दिसले नाहीत, आणि त्याच वर्षाअखेर तो चौकटीतला इशारा काढला गेला. याच चाचणीत उपचाराच्या नवव्या ते बाराव्या आठवड्यात तंबाखूमुक्त राहिलेले व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्यांत ३३.५ टक्के, पट्टीवर २३.४, बुप्रोपिऑनवर २२.६ आणि नुसत्या गोळीवर १२.५ टक्के होते. चोविसाव्या आठवड्यापर्यंत हे प्रमाण अनुक्रमे २१.८, १५.७, १६.२ आणि ९.४ पर्यंत उतरलं. औषधाचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही या आकड्यांत शेजारी-शेजारी दिसतात. गरोदर स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत निर्णय डॉक्टरांवर सोपवणं हेच योग्य.

तिसरा आक्षेप असा, की जगात तंबाखू सोडलेल्या बहुसंख्य माणसांनी ती औषधाविनाच सोडली. मग औषधाचं एवढं कौतुक कशाला? पहिलं वाक्य खरं आहे. त्याचं कारण हे, की प्रयत्न करणाऱ्यांतले बहुतेक जण औषधापर्यंत पोचतच नाहीत. नदी पोहून गेलेल्यांची संख्या होडीने गेलेल्यांपेक्षा जास्त भरली, म्हणून पोहणं सुरक्षित ठरत नाही. बुडालेल्यांचीही मोजदाद करावी लागते. या आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मान्य करण्यासारखा आहे. दुकानातून औषध स्वतःच आणून, कुणाशीही न बोलता वापरणाऱ्यांना विशेष फायदा झाला नाही, असं इंग्लंडमधल्या पाहण्यांत दिसलं. ज्यांनी डॉक्टरांकडून औषध घेतलं आणि जोडीला समुपदेशनही घेतलं, त्यांचं यश मात्र ठळकपणे जास्त होतं. यातून औषध निरुपयोगी ठरत नाही. त्याला बोलणाऱ्या माणसाची सोबत लागते, एवढं ठरतं. त्या सोबतीची ताकदही मोजली गेली आहे. रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये लंडनमधल्या २८ डॉक्टरांच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं सल्ला दिला, एक पत्रक हातात ठेवलं आणि ‘पुढे विचारणा होईल’ एवढं सांगितलं, तर वर्षभर टिकलेले ५.१ टक्के होते. काहीच न सांगितलेल्यांत ०.३ टक्के. आणि आपल्याकडे? वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात, डॉक्टर किंवा आरोग्यसेवकाकडे जाऊन आलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना आणि खाणाऱ्यांपैकी अवघ्या ३१.७ टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. ज्या सल्ल्याला एक पैसा लागत नाही, तोही खाणाऱ्या तिघांतल्या दोघांपर्यंत पोचला नाही.

चौथा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि सगळ्यांत वजनदार आहे. वर सांगितलेला बहुतेक पुरावा सिगारेट ओढणाऱ्यांचा आहे. महाराष्ट्रात मात्र त्याच सर्वेक्षणानुसार तंबाखू ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १७ टक्के, आणि त्यांच्यापैकी बहुतेकींच्या हाती मशेरी किंवा मळलेली तंबाखू असते. विदर्भात खर्रा घोटला जातो, पश्चिम महाराष्ट्रात मावा चालतो, २०१२ च्या बंदीनंतरही गुटख्याच्या पुड्या सापडतात. या माणसांना सिगारेटवरच्या चाचण्यांचा काय उपयोग? प्रामाणिक उत्तर असं, की इथला पुरावा कमी आहे आणि एकसारखाही नाही. गम आणि पट्टी यांचा स्पष्ट फायदा तंबाखू खाणाऱ्यांवरच्या चाचण्यांत दिसलेला नाही. चघळायच्या गोळीबद्दल आशा वाटावी असे संकेत आहेत. व्हॅरेनिक्लिनचा पुरावा अधिक बळकट आहे: नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ४३१ जणांवरच्या चाचणीत तंबाखूपासून दूर राहिलेले ५९ टक्के होते, तर नुसत्या गोळीवर ३९ टक्के. पण तिथली तोंडात ठेवायची तंबाखू आणि आपला खर्रा यांत मोठं अंतर आहे, ते म्हणजे सुपारी. सुपारीतलं अरेकोलीन स्वतःच व्यसन लावतं आणि निकोटीनचा गम त्याची उणीव भरून काढू शकत नाही. खर्रा किंवा मावा खाणाऱ्याला पट्टी लावली आणि सुपारी चालू ठेवली, तर अर्धं व्यसन जागंच राहतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही टळत नाही. तेव्हा अशा माणसाच्या उपचारात समुपदेशनाचा वाटा मोठा असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांवरची आपली पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हा धूरविरहित तंबाखूसाठी सखोल समुपदेशनावरच भर दिला आणि जोडीला व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटीनचे पर्याय सुचवले. पुरावा तोकडा आहे याचा अर्थ उपचार थांबवावा असा होत नाही. आपल्याकडच्या तंबाखूवर, आपल्या माणसांवर चाचण्या व्हायला हव्यात असा होतो.

उरला प्रश्न हाताशी असण्याचा. निकोटीनचे पर्याय २००९ पासून, आणि बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतही निकोटीनचा पर्याय आला. २ मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिनला चिठ्ठी लागते. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळतं, आणि २०१८ पासून तो क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे अभियान २०१६ पासून गावपातळीवर तंबाखू आणि दारूविरुद्ध काम करत आहे. मार्ग आहेत, पण ते अरुंद आहेत. तंबाखूची पुडी वस्तीच्या तोंडाशी, पहाटेपासून रात्रीपर्यंत, सुट्या पैशांत मिळते. गमचं पाकीट शहरातल्या मेडिकलमध्ये मिळतं आणि रोजंदारीच्या माणसाला आठवड्याचा खर्च एकदम करावा लागतो. पुडी मिळणं जितकं सोपं आहे तितकं औषध मिळणं सोपं होईपर्यंत ‘इच्छा असेल तर सोडता येते’ असं कष्टकऱ्याला सुनावणं अन्यायाचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी मिळते, त्याच खिडकीतून हे औषध मिळायला हवं, ही या पुस्तकामागची आग्रही मागणी आहे.

आणि हे सगळं कशासाठी, तर हाती येणाऱ्या वर्षांसाठी. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी झालं होतं. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याने त्यांतली तीन वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्याने जवळजवळ सगळी. ‘आता या वयात काय सोडायची’ या वाक्याला याहून चोख उत्तर नाही. पुढची प्रकरणं वाचताना ही वर्षं डोळ्यांपुढे ठेवावीत. त्यांत प्रत्येक औषध कुणी, किती, किती आठवडे आणि कशाबरोबर घ्यायचं, कुणी टाळायचं, त्रास झाला तर काय करायचं, आणि एकदा पुन्हा तंबाखू घेतली गेली तर सगळं संपलं असं न मानता पुढे कसं जायचं, हे सांगितलं आहे. पुस्तक डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मात्र शिकवू शकतं.

शपथेची रीत मोडीत काढायची गरज नाही. माणूस आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून काही ठरवतो, त्या क्षणात मोठं बळ असतं. फक्त त्या बळाला तयारीचा वेळ द्यायला हवा. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही औषधं सोडण्याच्या दिवसाच्या एक ते दोन आठवडे आधी सुरू करावी लागतात, कारण त्यांना मेंदूत आपली जागा घ्यायला तेवढा अवधी लागतो. होळी आणि पाडवा यांच्यातही साधारण तेवढंच अंतर आहे. ज्याला पाडव्याच्या सकाळी पुडी फेकायची आहे, त्याने होळीच्या सुमारास डॉक्टरांकडे जावं, औषध सुरू करावं, घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावं, आणि तिसऱ्या दिवशी डोकं जड होईल तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवावं. मग पाडव्याला फेकलेली पुडी उकिरड्यावरच राहण्याची आशा खूपच वाढते.